‘मरुत्सखा’ खरोखर उडाले होते का? चौपाटीवरील विमान, पारा आणि पुराव्याचा प्रश्न

राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये, मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरून एका मराठी माणसाने विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात अनेक पिढ्या सांगितली जात आहे. शिवकर बापूजी तळपदे हे त्या माणसाचे नाव आणि ‘मरुत्सखा’ हे त्यांच्या विमानाचे. कथेच्या प्रचलित रूपानुसार हे विमान वैमानिकाविना सुमारे १५०० फूट उंच गेले आणि खाली कोसळले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे या प्रयोगाचे साक्षीदार होते आणि ‘केसरी’ने त्याची बातमीही दिली, असे सांगण्यात येते. पुढे ब्रिटिशांच्या दडपणामुळे मदतीचा ओघ आटला, तळपदे खचले, त्यांच्या निधनानंतर नातेवाइकांनी यंत्राचे अवशेष एका परदेशी व्यापारी पेढीला विकून टाकले आणि एका थोर शोधावर पडदा पडला, असा या कथेचा शेवट असतो.

कथा मनाला भिडणारी आहे, यात शंका नाही. पारतंत्र्यातील एक संस्कृतज्ञ, हाताशी पैसा नाही, सरकारचा पाठिंबा नाही, आणि तरीही तो आकाशाला गवसणी घालतो! अशा कथेला पुरावा मागणेही अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते. परंतु विमानविद्येच्या इतिहासात पुरावा मागण्याला पर्याय नाही. ‘सर्वप्रथम कोण उडाले’ या प्रश्नावर जगातील अर्धा डझन देशांनी आपापला दावा सांगितला आहे आणि त्या प्रत्येकाला याच चाळणीतून जावे लागले आहे.

तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मुंबईच्या पाठारे प्रभू ज्ञातीत जन्मलेले, चिराबाजार भागात राहणारे, संस्कृतचे अभ्यासक आणि आर्य समाजाचे अनुयायी अशी त्यांची ओळख आहे. १८६४ ते १९१६ हा त्यांचा जीवनकाल दिला जातो. मुंबईत आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये झाली. स्वामी दयानंद सरस्वती यांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात नौका व विमानविद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वेदांत यंत्रविद्येची बीजे आहेत, हा विचार त्या काळच्या सुशिक्षित आर्य समाजी तरुणांना नवा नव्हता. तळपदे यांना विमानाचे वेड लागावे, अशी ही पार्श्वभूमी होती. त्यांनी त्या दिशेने काही खटपट केली, हेही मान्य करण्यास हरकत नाही. प्रश्न आहे तो त्या खटपटीच्या फळाचा.

येथूनच अडचण सुरू होते. यंत्राचा आराखडा नाही, मोजमापे नाहीत, छायाचित्र नाही, वजनाचा आकडा नाही. कथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत तपशील बदलत जातात. कुठे विमान मानवरहित असते, तर कुठे स्वतः तळपदे त्यात बसलेले असतात. कुठे इंधन म्हणून पारा असतो, कुठे पारा आणि सूर्यप्रकाश दोन्ही. ३० जानेवारी २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘हवाईजादा’ या हिंदी चित्रपटाने तर कल्पनेचा पतंग पुरता सैल सोडला. चित्रपटाला ती मोकळीक आहे. इतिहासाला ती घेता येत नाही.

त्या वेळी जग कोठे होते?

तळपदे यांचा प्रयोग १८९५ चा मानला, तर त्याच सुमारास जगात काय चालले होते हे पाहणे उद्बोधक ठरेल. हवेपेक्षा जड यंत्र उडविण्याचा ध्यास त्या दशकात अनेकांना लागला होता. मशीनगनचे जनक हिरम मॅक्सिम यांनी इंग्लंडमधील केंट परगण्यात साडेतीन टनांचे एक अजस्र यंत्र उभारले होते. त्यावर १८० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिने होती. ३१ जुलै १८९४ रोजी हे धूड रुळांवरून धावताना इतक्या जोराने वर उचलले गेले, की त्याला खाली धरून ठेवणारा संरक्षक रूळ तुटला आणि यंत्राची मोडतोड झाली. शक्ती पुरेशी होती, ताबा नव्हता. जर्मनीचे ओटो लिलिएंथाल ग्लायडरने टेकड्यांवरून झेपावत होते. ताबा कसा ठेवायचा हे ते स्वतःच्या शरीराचा तोल सांभाळून शिकत होते. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका झेपेत त्यांचा अंत झाला.

‘मरुत्सखा’शी तुलना करण्याजोगे यंत्र मात्र अमेरिकेत होते. स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ले यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर एक मानवरहित यंत्र उडविले. साधारण चौदा फूट पंखविस्तार, जेमतेम ११ किलो वजन आणि सुमारे एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन. त्याने सुमारे एक किलोमीटर अंतर कापले. चौपाटीवरील कथित उड्डाणानंतर काही महिन्यांतली ही गोष्ट. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे उपस्थित होते आणि त्यांनी त्या उड्डाणाचे छायाचित्र घेतले. ते छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

त्यामुळे एक गोष्ट न्यायाने म्हटली पाहिजे. १८९५ मध्ये एखादे छोटे, मानवरहित यंत्र हवेत काही अंतर जाणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नव्हते. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो यांनी तर १८७१ मध्येच रबराच्या पिळावर चालणारे खेळण्याएवढे विमान उडवून दाखविले होते. तळपदे यांनी असे काही केले असेल, तर ते कौतुकास्पदच ठरेल. पण ‘करता आले असते’ आणि ‘केले’ यांत अंतर आहे, आणि ते भरून काढणारा कागद समोर नाही.

फ्रान्सचेच क्लेमां आदेर यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. वटवाघळाच्या आकाराची, वाफेवर चालणारी यंत्रे त्यांनी बनविली. ९ ऑक्टोबर १८९० रोजी त्यांचे ‘एओल’ हे यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवरून सुमारे ५० मीटर गेल्याचे सांगितले जाते. फ्रान्सच्या युद्ध मंत्रालयाने त्यांना पैसा पुरविला आणि ऑक्टोबर १८९७ मध्ये सातोरीच्या मैदानावर लष्करी समितीसमोर ‘आव्हियाँ-३’ची चाचणी झाली. दुसऱ्या चाचणीत आडव्या वाऱ्याने यंत्र धावमार्गाबाहेर फेकले गेले आणि मोडले. मंत्रालयाने हात आखडता घेतला. पुढे १९०६ मध्ये, विमानाची हवा युरोपभर पसरू लागली तेव्हा, आपण त्या दिवशी ३०० मीटर उडालो होतो, असा दावा आदेर यांनी केला. फ्रेंच जनतेने तो उचलून धरला. राष्ट्राभिमान तेथेही होताच! परंतु १९१० मध्ये त्या समितीचा १८९७ चा मूळ अहवाल प्रसिद्ध करण्यात आला. यंत्राने जमीन सोडून उड्डाण केले, असे त्या अहवालात कोठेही नव्हते. तेरा वर्षे जुन्या कागदाने वाद मिटविला. यंत्र मात्र पॅरिसच्या तंत्रवस्तुसंग्रहालयात आजही सन्मानाने टांगलेले आहे आणि आदेर यांना फ्रान्स विमानविद्येच्या आद्य प्रवर्तकांत मोजतो. दावा गेला म्हणून मान गेला नाही.

पाऱ्यावर विमान चालेल काय?

‘मरुत्सखा’च्या कथेतील सर्वांत आकर्षक तपशील पाऱ्याचा. अमेरिकेची अवकाश संस्था ‘नासा’ही पाऱ्याचे इंजिन वापरते, तळपदे ते शंभर वर्षे आधी जाणत होते, असे विधान वारंवार केले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते फसवे आहे.

‘नासा’ने १९६४ मध्ये आयन इंजिनाची अवकाशात चाचणी घेतली आणि १९७० मध्ये ‘सर्ट-२’ या यानावर पाऱ्याचे आयन इंजिन दीर्घकाळ चालविले, हे खरे. या इंजिनात पाऱ्याच्या वाफेतील अणूंना विद्युतभारित केले जाते आणि उच्च विद्युतदाबाने प्रचंड वेगात मागे फेकले जाते. त्या धक्क्याने यान पुढे सरकते. पण हा धक्का किती? ‘सर्ट-२’च्या इंजिनाचा जोर सुमारे २८ मिलिन्यूटन होता, म्हणजे पृथ्वीवर जेमतेम तीन ग्रॅम वजन तोलून धरण्याएवढा. अवकाशात हवेचा अडथळा नसतो, त्यामुळे हा इवलासा जोर महिनोन् महिने लावून यानाचा वेग हळूहळू वाढविता येतो. चौपाटीच्या वाळूवरून तो एक पोस्टकार्ड फार तर उचलील. शिवाय हे इंजिन निर्वातातच चालते. हवेच्या रेणूंशी टक्कर होताच आयनांचा झोत विस्कळीत होतो.

मग नुसता पारा तापवून त्याची वाफ मागे सोडली तर? येथेही गणित आडवे येते. वाफेच्या कणांचा वेग तापमानाबरोबर वाढतो, पण कण जितका जड तितका तो कमी असतो. पाऱ्याचा अणू पाण्याच्या रेणूपेक्षा सुमारे अकरा पट जड आहे. साहजिकच, समान तापमानाला पाऱ्याच्या वाफेचा वेग पाण्याच्या वाफेच्या एक तृतीयांशाहूनही कमी पडतो. पारा उकळण्यास ३५७ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि तो पाण्याच्या साडेतेरा पट घन असल्याने साठा वाहून नेणे हेच एक संकट. त्याची वाफ विषारी असते, ही बाब वेगळीच. सूर्यप्रकाशाने पारा तापवून माणसाला किंवा मोठ्या यंत्राला १५०० फूट उचलणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

ग्रंथाचे गूढ

तळपदे यांच्या कथेला पाठबळ म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा दाखला दिला जातो. महर्षी भरद्वाजांच्या नावावर असलेला हा ग्रंथ हजारो वर्षांपूर्वीचा असल्याची समजूत आहे. त्याचा ज्ञात इतिहास मात्र विसाव्या शतकातील आहे. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी आपल्याला अंतःस्फूर्तीने स्फुरलेले श्लोक १९१८ ते १९२३ या काळात जी. वेंकटाचल शर्मा यांना सांगितले आणि शर्मा यांनी ते उतरवून घेतले. विमानांच्या आकृत्या बंगळूरचे आरेखक एल्लप्पा यांनी शास्त्रींच्या देखरेखीखाली १९२३ मध्ये काढल्या. ग्रंथाची हिंदी आवृत्ती १९५९ मध्ये निघाली, तर म्हैसूरचे जी. आर. जोसयर यांनी १९७३ मध्ये संस्कृत मूळ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. वर्षे नीट पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या ग्रंथावरून ‘मरुत्सखा’ बनविल्याचे सांगतात, तो कागदावर उतरू लागला तेव्हा तळपदे हयात नव्हते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची कसून तपासणी केली. ही तपासणी हेटाळणीच्या सुरात केलेली नव्हती, हे आवर्जून सांगायला हवे. आधी भाषा पाहिली. श्लोकांची संस्कृत वैदिक नाही, अलीकडची आहे. ग्रंथाच्या प्रवासाचा माग काढला. तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांचे आराखडे वायुगतिकीच्या कसोटीवर लावले. शकुन विमानाला पक्ष्यासारखे पंख व शेपूट आहे. त्रिपुर विमान जमीन, पाणी आणि आकाश अशा तिन्ही ठिकाणी चालावे अशी कल्पना आहे. त्यातल्या त्यात रुक्म विमानामागील कल्पनेला, म्हणजे वरची हवा पंख्यांनी ओढून खाली सोडण्याला, काही अर्थ असल्याचे अभ्यासकांनी मान्य केले. परंतु दिलेल्या आकारमानात यांपैकी एकही विमान उडण्याजोगे नाही आणि त्यांची चालनपद्धती उड्डाणाला मदत करण्याऐवजी अडथळाच करील, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा होता.

याच अभ्यासात तळपदे यांचा उल्लेख आला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मुंबईच्या तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली विमानाच्या प्रतिकृती बनविण्याचा प्रयत्न केला, पण त्यांपैकी एकही उडविण्यात त्यांना यश आले नाही, अशी माहिती वेंकटाचल शर्मा यांच्याकडून मिळाल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. ही साक्ष शास्त्रींच्या गोटातील आहे, विरोधकाची नाही.

इतके होऊनही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांनी प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध सादर केला आणि त्याचा मुख्य आधार हाच ग्रंथ होता. देशविदेशांतील वैज्ञानिकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. बंगळूरचा तो छोटेखानी अभ्यास तोवर एकेचाळीस वर्षे ग्रंथालयांत पडून होता. तो मराठीत कोणी सविस्तर मांडला असता तर वाद इतका पेटलाही नसता.

दावे सर्वत्र, नोंदी थोड्या

आपल्याच देशाचा शोध जगाने नाकारला, ही भावना केवळ भारतीय नाही. सोव्हिएत रशियात अलेक्झांडर मोझायस्की यांनी १८८० च्या दशकात पहिले विमान उडविल्याचे शाळेत शिकविले जात असे. अमेरिकेत गुस्ताव्ह व्हाइटहेड १९०१ मध्ये उडाले, असे मानणारा एक गट आजही आहे. न्यूझीलंडच्या रिचर्ड पिअर्स यांच्या बाजूनेही अनेक जण हिरिरीने बोलतात. गंमत अशी, की स्वतः पिअर्स यांनी वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रांत पहिल्या उड्डाणाचे श्रेय राइट बंधूंनाच दिले होते.

राइट बंधूंकडे असे काय होते? त्यांच्याकडे वह्या होत्या. १९०१ मधील त्यांचे ग्लायडर अपेक्षेच्या मानाने फारच कमी वजन उचलत होते. लिलिएंथाल यांच्या कोष्टकांनुसार केलेले हिशेब प्रत्यक्षाशी जुळेनात. त्यांनी सायकलच्या दुकानात लाकडी पेटीचा छोटा वातबोगदा बनविला, पंखाच्या सुमारे दोनशे आकारांची मोजमापे घेतली, तेव्हा हवेच्या दाबाचा शतकाहून अधिक काळ वापरात असलेला गुणांकच चुकीचा असल्याचे त्यांना कळले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे त्यांचे विमान पहिल्या खेपेस १२ सेकंदांत १२० फूट गेले, तर त्या दिवशीच्या चौथ्या खेपेस ५९ सेकंदांत ८५२ फूट. पाच साक्षीदार होते, त्यांपैकी एकाने कॅमेऱ्याचा खटका दाबला आणि संध्याकाळी वडिलांना तार गेली. इतका चोख पुरावा असूनही स्मिथसोनियन संस्थेने आपल्याच लँग्ले यांच्या यंत्राला अग्रमान देण्याचा हट्ट कित्येक वर्षे सोडला नाही. संतापून ऑरव्हिल राइट यांनी १९२८ मध्ये मूळ विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवून दिले. संस्थेने १९४२ मध्ये चूक कबूल केली आणि विमान १९४८ मध्ये मायदेशी परतले. राष्ट्रीय प्रतिष्ठेपायी संस्थाही भान सोडू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

मुंबईतच, कथित चौपाटी प्रयोगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, आणखी एका मराठी माणसाने आपल्या बळावर विमान बांधले. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने आधीचे प्रयत्न फसल्यावरही हार न मानता कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतरची वाट गच्चीवरच्या जुळणीहून सोपी नव्हती. नोंदणीसाठी त्यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे दीर्घकाळ खेटे घालावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाला व्हीटी-एनएमडी हा क्रमांक मिळाला, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी हाती आली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने चाचणी उड्डाण केले.

प्रायोगिक विमानाला परवानगी मिळणे म्हणजे प्रवासी नेण्याची मुभा नव्हे. आधी जमिनीवर संथ धाव, मग वेगवान धाव, मग धावपट्टीवरच अल्पशी उडी, त्यानंतर विमानतळाभोवती फेऱ्या, असा क्रम असतो आणि प्रत्येक टप्प्याचे आकडे टिपून ठेवावे लागतात. ही कारकुनी वाटेल, पण तिचे मोल अपघाताच्या वेळी कळते. ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ ‘सरस’ हे भारतीय बनावटीचे प्रायोगिक विमान कोसळून हवाई दलाचे तिघे अधिकारी मृत्युमुखी पडले. हवेत बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याची कार्यपद्धती सदोष होती आणि तेव्हा उंचीही अपुरी होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. प्रकल्प जवळजवळ गुंडाळला गेला होता. सुधारणा केल्यावर, २४ जानेवारी २०१८ रोजी ‘सरस’ पुन्हा उडाले.

तळपदे यांच्याबाबत अशी एखादी नोंद अजूनही सापडणे अशक्य नाही. १८९५ मधील मराठी, गुजराती व इंग्रजी नियतकालिके, न्यायमूर्ती रानडे यांचा पत्रव्यवहार, बडोदा संस्थानचे दप्तर आणि त्या काळच्या पेटंट अर्जांच्या वह्या ही शोधाची ठिकाणे आहेत. चौपाटीवर हजारो लोकांसमोर एखादे यंत्र १५०० फूट उंच गेले असेल, तर मुंबईसारख्या वृत्तपत्रांनी गजबजलेल्या शहरात त्याची ओळभर तरी बातमी एकाहून अधिक ठिकाणी छापली गेली असली पाहिजे. ती तारखेसह आणि पान क्रमांकासह दाखविण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांची आहे.